निळ्या भिंतीपुढचा फोटो

माझा भाऊ राजरत्न आता कुणाचा फोटो काढत नाही. लग्नात नाही, वाढदिवसाला नाही, स्वतःच्या पोरीचासुद्धा नाही. कुणी फोटो काढ म्हटलं की मोबाइल खिशात घालून उठून जातो. गावातली माणसं मला म्हणतात, "यशोधराताई, समजवा जरा त्याला. असं किती दिवस चालायचं?" मी काय समजावू? माझंच डोकं ठिकाणावर नाही. आणि ज्यांनी ही वेळ आणली तेच तोंड वर करून मला हे सांगतात, म्हणजे कमाल आहे.

आमचं माहेर पिंपळवंडी. मला निमगाव साव्याला दिलीय, तिथं अंगणवाडीत काम करते. राजा माझ्याहून लहान. बी.ए. झाला, पुण्याला जाऊन पत्रकारितेचा कोर्स केला आणि तिकडं चांगली नोकरी लागत असताना हा शहाणा गावी परत आला. का, तर म्हणे, "ताई, आपल्या भागातलं कुणी लिहितच नाही." मग एका दैनिकाचा वार्ताहर झाला. दैनिकाचं नाव मी घेणार नाही. त्यांना फुकटची जाहिरात कशाला?

पहिली बातमी त्यानं डिंभे धरणाकडं जाणाऱ्या एसटीची केली. तिकडं गाडी आली तर आली, नाही तर नाही. पोरी कॉलेजला जायला मिळेल त्या पिकअपला लोंबकळतात. राजा दिवसभर तिथल्या थांब्यावर बसला, पोरींशी बोलला, धरणाच्या कडेला मासे विकायला बसलेल्या बायांशी बोलला. दोन रात्री जागून लिहिलं. छापून आल्या चार ओळी, त्याही एका सराफाच्या जाहिरातीच्या पायाशी. पण त्याच दिवशी त्यानं सहज म्हणून आमच्या आळीपलीकडच्या एका बागायतदाराच्या वडिलांची निधनवार्ता पाठवली होती. ती आली फोटोसकट, ठळक. त्या घरच्यांनी आळेफाट्यावरचा सगळा गठ्ठा उचलला आणि पाव्हण्यारावळ्यांना वाटला. दुपारी ऑफिसातून फोन, "व्वा राजरत्न, असं पाठवत जा. अंक खपतो."

झालं. तिथून त्याची गाडी त्या रुळावर गेली ती गेलीच. अमक्या गावचे अमुक, वय इतके, मनमिळाऊ स्वभावाचे, पंचक्रोशीत परिचित, त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार. हे त्याच्या अंगठ्याला इतकं पाठ झालं की जेवताजेवता टाइप करायचा. पुढं पेपर वाचणारे कमी झाले आणि सगळं व्हॉट्सॲपवर आलं, तेव्हा हा तिथंही. जुन्नर-आंबेगावातला एक मोठा ग्रुप आहे, मोबाइलच्या दुकानवाला चांगदेव त्याचा ॲडमिन. त्या ग्रुपवर राजरत्नची पोस्ट आली की कुणीतरी गेलं, हे लहान पोरालाही कळायचं. लोक त्याला 'निधनवाले पत्रकार' म्हणायला लागले. रस्त्यात भेटला की म्हातारे चेष्टा करायचे, "काय राव, आज कुनाचा नंबर?" तो हसायचा. हसून काय होतंय, आतून खंगत चालला होता. पाण्याच्या टँकरवर लिहिलेलं, शाळेच्या छतावर लिहिलेलं सगळं मोबाइलमध्ये तसंच पडून, आणि गावाला हवं होतं ते फक्त मढं.

आईला, म्हणजे जानकाबाईला, हे अजिबात खपायचं नाही. त्याला कारण होतं. पूर्वी कुणाच्या घरी मयत झालं की सांगावा न्यायचं काम आमच्या लोकांवर असायचं. ऊन असो, पाऊस असो, पणजोबांनी काठी उचलायची आणि पाव्हण्यांच्या गावाला चालत जायचं. लांबूनच ओरडून सांगायचं, उंबऱ्याजवळ जायचं नाही. वरून शिळी भाकर पदरात. छप्पन्न सालानंतर आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा आजोबांनी ती काठी मोडून चुलीत घातली आणि गावाला सांगितलं, तुमचं मयत तुम्ही कळवा. आई सून म्हणून आली तेव्हा सासऱ्याच्या तोंडून हे ऐकलेलं. राजाच्या हातात मोबाइल बघितला की तिचं सुरू व्हायचं.

"तुज्या आज्यानं चुलीत घातलं ते तू उकरून काडलंस व्हय रं? एवडं शिकून पुन्ना गावाचा सांगावाच न्यायाचा व्हता तर कशाला शाळंत घातला तुला?"

"आई, आता उंबऱ्याबाहेर उभं करत नाहीत. खुर्ची देतात, चहा देतात."

"च्या देत्यात! मंग लईच मोटा झालास."

तरी त्याचं काम थांबलं नाही, उलट आणखी एक रीत पडली. माणूस गेल्यावर घरच्यांकडं धड फोटो नसायचा. आधार कार्डावरचा तो चोरासारखा चेहरा, नाही तर लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. म्हणून म्हातारी माणसं आधीच राजाला गाठायला लागली. "पत्रकार, माजा एक चांगला काडून ठेव रं. पुडं कामाला येईल." फेटा बांधून, दाढी करून, नवं लुगडं नेसून यायची आणि लाजत उभी राहायची. राजा त्यांना विहाराच्या निळ्या भिंतीपुढं उभं करायचा. मागं दुसरं काही येऊ नये, सरळ समोर बघायचं, हात जोडायचे. हिंदू असो की बौद्ध, सगळ्यांचा शेवटचा फोटो आमच्या विहाराच्या भिंतीपुढचा. ग्रुपवर निळी भिंत दिसली की लोक हात जोडूनच मोकळे व्हायचे.

आणि एका बुद्ध पौर्णिमेला आमची आई, तीच आई, पांढरं निळ्या काठाचं लुगडं नेसून त्या भिंतीपुढं जाऊन उभी राहिली.

"काड माजाबी."

"तू? तुला तर हे आवडत न्हाई."

"आवडत न्हाईच. पन तुला माजा फोटू कुनाकडं मागाया लागू नये. काड गुमान."

इतका सुंदर आला तो फोटो. चष्मा काढून हातात धरलेला, ओठ मिटलेले, आणि डोळ्यांत असं काही की आत्ता रागवेल. मी म्हटलं, फ्रेम करून घरात लाव. राजा म्हणाला, नको ताई, तो त्या फोल्डरमध्येच राहू दे.

पुढं वर्ष-दोन वर्षांत आईचं विसरायला लागलं. आधी चुलीवरचं दूध, मग नातीचं नाव, मग स्वतःचं घर. मला ओळखायची नाही पण माझ्या साडीची चौकशी करायची. घरात बसल्याबसल्या म्हणायची, "मला घरी सोडा. दादा वाट बगत आसल." दादा म्हणजे तिचा बाप. तिचं माहेर डिंभ्याच्या वरच्या अंगाला होतं. धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. बाप तर त्याच्याही आधी गेलेला. आता हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? आम्ही म्हणायचो, जाऊ, उद्या जाऊ.

यंदाच्या जानेवारीत, कडाक्याची थंडी होती, एका सकाळी ती उठून चालती झाली. राजाची बायको नळावर होती, राजा आंघोळीला. कुणाला पत्ता नाही. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट, त्यामुळं कंडक्टरनंही म्हातारीला हटकलं नसणार. राजानं गाव पालथं घातलं, विहिरी बघितल्या, पोलिसांत कळवलं, मला फोन केला आणि मग ग्रुपवर टाकलं.

इथं माझ्या भावाचा घात झाला, आणि तो त्याच्याच हातानं झाला. घाबरलेलं माणूस. फोटो हवा म्हणून सगळ्यात स्पष्ट फोटो उचलला, तो निळ्या भिंतीपुढचा. आणि मजकूर त्याच्या अंगठ्यानं आपल्या सवयीनं लिहिला. पिंपळवंडी येथील ज्येष्ठ नागरिक श्रीमती जानकाबाई, वय ७६, या मनमिळाऊ स्वभावाच्या असून पंचक्रोशीत सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आणि त्याच्या खाली, आज सकाळपासून त्या घरातून निघून गेल्या आहेत, त्यांना विस्मरणाचा त्रास आहे, कुणाला दिसल्यास बसवून ठेवा आणि या नंबरवर कळवा. व्हॉट्सॲपवर लांब पोस्ट अर्धीच दिसते. बाकीची बघायला 'पुढे वाचा' दाबावं लागतं. कोण दाबतंय? राजरत्नची पोस्ट, म्हातारीचा फोटो, मागं निळी भिंत. खाली धडाधड सुरू झालं. भावपूर्ण श्रद्धांजली. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. जोडलेले हात, फुलं, पणत्या.

राजानं लगेच लिहिलं, "अहो, आई हरवली आहे. निधन झालेलं नाही. कृपया पूर्ण वाचा." त्याच्याखाली आणखी हात, आणखी फुलं. एका मास्तरांनी तर आईच्या हातच्या पिठल्याची आठवण एवढी मोठी लिहिली. बरं लिहिलं होतं हो, खरंच, दुसऱ्या कुठल्या दिवशी वाचलं असतं तर मी त्यांना फोन केला असता. एक होतकरू पुढारी आहे, त्याला कुणाच्याही मयताला रंगीत चित्र करायची भारी हौस. त्यानं तासाच्या आत आईच्या फोटोभोवती फुलांचा हार काढला, कोपऱ्यात स्वतःचा हसरा फोटो डकवला आणि दोन्ही तालुक्यांत पाठवून दिलं. राजाची दुरुस्ती तिथंच त्या हातांखाली गाडली गेली.

चांगदेवाला राजानं फोन केला. तो भला माणूस आहे, उगाच खोटं का बोलू. म्हणाला, "आयला, व्हय का भाऊ? मी बी हात जोडले की राव. थांबा, सगळ्यांना सांगतो." त्यानं सांगितलंही. पण तोवर ते हाराचं चित्र शंभर ग्रुपांत पसरलं होतं आणि ते सगळे ग्रुप काही चांगदेवाचे नव्हते.

मी निमगावहून पोचले तर घरापुढं गाड्या. मला वाटलं, आई सापडली, माणसं भेटायला आली. धावतच गेले. बघते तर आईचा मावसभाऊ मंचरहून गाडी भरून बायामाणसं घेऊन आलेला. मला बघताच त्या बायांनी गळा काढला. एक माझ्या गळ्यातच पडली. आणि तो मामा खालच्या आवाजात विचारतो, "कवा उचलायचं?"

"कुणाला?"

"आक्काला."

माझं डोकंच फिरलं. भर अंगणात ओरडले मी, "मेली न्हाई ती! हरवलीय! वाचता येतं का तुम्हाला? रडताय काय, शोधायला चला!" मामानं खिशातून मोबाइल काढला, ते हाराचं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग एक बाई हळूच म्हणाली, "अगं पन, बाई, फोटू तर..." दोनतीन जण निघाले बिचारे राजाबरोबर मोटारसायकली घेऊन. बाकीचे आलोच आहोत तर म्हणून बसले, चहा प्यायले, आणि निघताना म्हणाले, काही झालं तर कळवा. काही झालं तर! त्या दिवशी दिवसभर माणसं येत राहिली आणि मी दारात उभी राहून एकेकाला परत पाठवत राहिले. आईला शोधायचं सोडून आई जिवंत आहे हे सांगण्यात माझा दिवस गेला. राजाच्या मोबाइलला एक मिनिट उसंत नव्हती, सगळे सांत्वनाचे फोन. ती कुठं दिसली हे सांगायला कुणी फोन केला असता तरी त्याला तो एंगेजच लागला असता.

आणि दिसली होती हो ती. हेच मला जाळतं.

ती एकटी पार डिंभ्यापर्यंत जाईल असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथं हौशीराम म्हणून मासे धरणारा एक म्हातारा आहे. त्याच संध्याकाळी त्याला ती पाण्याच्या कडेला बसलेली दिसली. विचारलं, कुठं जायचं आजी? म्हणाली, "पलीकडं. घरी." नाव विचारलं तर बापाचं नाव सांगत होती. म्हाताऱ्यानं तिला घरी आणलं, घोंगडी दिली, पुढ्यात भात आणि माशाचं कालवण ठेवलं. त्याची सून अक्षदा, तिच्याकडं मोबाइल. तिच्या माहेरच्या ग्रुपवर ते हाराचं चित्र आलेलं. तिनं चित्र बघितलं, आईकडं बघितलं, आणि सासऱ्याला दाखवलं.

हे सगळं हौशीरामनं आम्हाला नंतर स्वतः सांगितलं, आमच्यापुढं जमिनीवर बसून, डोकं धरून. "ताई, सून म्हनली, मामंजी, डिट्टो हीच बाई वाटतीया. मी म्हनलं, अगं येडी का काय तू? त्या बाईला हार घातलाय, समद्यांनी हात जोडल्यात. ती गेली. आन् ही तर माज्यापुडं भात खातीया. ही दुसरी कोनतरी. मी असं म्हनलो, ताई. माज्या ह्या तोंडानं म्हनलो."

मी त्याला काय बोलणार? एरवी मी कुणाला सोडत नाही, पण त्या माणसापुढं माझी जीभ उचलली नाही. अख्ख्या दोन तालुक्यांत आईला जेवू घालणारा तो एकटा.

दिवस उजाडायच्या आत आई उठून गेली. त्यांना वाटलं, पहिल्या एसटीनं गेली असेल. ती गाडी त्या दिवशी आलीच नव्हती. आई पाण्याच्या कडेकडेनं चालत राहिली असणार, आपल्या बापाचं घर शोधत. दिवसभर उपाशी फिरली, पुढची रात्र उघड्यावर काढली. तिसऱ्या दिवशी हौशीराम जाळं टाकायला वरच्या अंगाला गेला तेव्हा त्याला ती गवतात पडलेली दिसली, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. त्याची घोंगडी अंगावर नव्हती. जाताना तिनं ती घडी घालून त्याच्या ओट्यावर ठेवली होती.

मग घरच्यांना कळवायला म्हणून अक्षदानं माहेरच्यांकडून राजाची मूळ पोस्ट मागवून घेतली. त्या पोरीनं 'पुढे वाचा' दाबलं आणि खाली लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं. दिसल्यास बसवून ठेवा. त्या नंबरवर तिनं फोन लावला. राजानं उचलला, ऐकलं, आणि मला म्हणाला, "ताई, पोस्ट पूर्ण वाचून कुणाचा तरी पहिला फोन आला."

आईला पिंपळवंडीला आणलं. अंगणात मोजकी माणसं. मंचरच्या मामांचा फोन आला, परवाच येऊन गेलो ना, आता पुन्हा गाडी करून यायला जमत नाही. रडणाऱ्या बाया परवा रडून गेल्या होत्या. परवा माझ्या गळ्यात पडलेली बाई आलीच नाही. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतलं, आईला नेलं. चितेवर ठेवताना राजा मोठ्यानं म्हणाला, "आई, मीच नेला तुझा सांगावा. तू जित्ती असताना नेला." मी त्याला धरलं. तो लाकडासारखा ताठ झाला होता.

घरी आल्यावर तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला. मी म्हटलं, "राजा, ठेव ते आता." म्हणाला, "नाही ताई. रविवारी तिच्या नावानं पुण्यानुमोदन आहे. लोकांना कळायला हवं. सगळ्यांच्या आया टाकल्या मी. माझी नको का टाकायला?"

त्या दिवशी त्यानं आमच्या आईची निधनवार्ता लिहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला शब्द सुचेनात. मनमिळाऊ लिहिलं आणि पुसलं. "मनमिळाऊ नव्हतीच गं," म्हणाला. फोटोसाठी सगळा मोबाइल उपसला. तिचा दुसरा धड फोटोच नव्हता. शेवटी तोच टाकला, निळ्या भिंतीपुढचा. त्याच कामासाठी तर तिनं काढून घेतला होता. पोस्ट गेली आणि आम्ही दोघं त्या पडद्याकडं बघत बसलो.

बराच वेळ काहीच आलं नाही. एक हात नाही, एक फूल नाही. ज्या ग्रुपवर दोन दिवसांपूर्वी जोडलेल्या हातांचा पूर आला होता, तिथं शुकशुकाट. मग एक मेसेज आला. चांगदेवाचा नव्हता, त्यानं नुकताच नेमलेला दुसरा कुणी ॲडमिन होता, आमची त्याची ओळखही नाही.

"पत्रकारसाहेब, ही बातमी परवाच येऊन गेली आहे. जुन्या पोस्ट पुन्हा टाकू नयेत. ग्रुपचे नियम पाळावेत."

खाली चारपाच जणांनी अंगठे दाखवले.

मी उसळले. म्हटलं, दे इकडं तो मोबाइल, चांगलं खडसावते मेल्याला. राजानं दिला नाही. त्यानं पोस्टवर बोट दाबून धरलं आणि ती काढून टाकली. आमची आई मेल्याचं त्या ग्रुपला ती जिवंत असताना कळलं होतं. ती खरंच मेली, हे त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही.